जुन्या मोटारसायकलला नवा इग्निशन स्विच बसवताना वायरी कशा जुळवाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सत्तरच्या दशकातील एका मोटारसायकलचा मूळ इग्निशन स्विच निकामी झाला आहे. गाडीला १२ व्होल्टची बॅटरी, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारे वेटोळे) आणि काँटॅक्ट पॉइंट (इंजिनाबरोबर उघडमीट होऊन कॉइलचा प्रवाह तोडणारे संपर्क) आहेत. मूळ स्विच मिळत नसल्याने मालकाने चार वायरींचा एक पर्यायी स्विच घेतला आहे, पण त्याच्या वायरींचे रंग गाडीच्या वायरींशी जुळत नाहीत, आणि गाडीच्या बाजूने तर पाच वायरी बाहेर आलेल्या आहेत. मग कोणती वायर कोणाला जोडायची?

‘लाल वायर लाल वायरीला जोडा’ असे उत्तर मी देणार नाही, कारण जुन्या गाडीच्या बाबतीत रंग ही केवळ साक्ष असते, पुरावा नसतो. एक तर प्रत्येक उत्पादकाची रंगांची भाषा वेगळी आहे. होंडाच्या जुन्या गाड्यांत लाल वायर बॅटरीकडून येते, काळी वायर चावी फिरवल्यावर जिवंत होते आणि हिरवी वायर अर्थची, म्हणजे चेसिसला जोडलेली, असते. यामाहात काळी वायर अर्थची आहे आणि चावीनंतरचा प्रवाह तपकिरी वायरीतून जातो. सुझुकीत तेच काम नारिंगी वायर करते. कावासाकीत बॅटरीकडून येणारी वायर पांढरी असते, तर ल्यूकास या ब्रिटिश कंपनीची वायरिंग असलेल्या ब्रिटिश गाड्यांत पांढरी वायर चावीनंतरची, बॅटरीकडून येणारी तपकिरी-निळी आणि लाल चक्क अर्थची असते. होंडाची सवय असलेल्या माणसाने ब्रिटिश गाडीची लाल वायर बॅटरीची समजून जोडली, तर पहिल्याच चावीला धूर निघेल. त्यातून इतक्या वर्षांत गाडीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) कोणी काय तुकडे जोडले असतील याचा भरवसा नसतो. म्हणून गाडीकडील प्रत्येक वायर आणि स्विचकडील प्रत्येक टर्मिनल काय काम करते हे मल्टिमीटरने (पुढे नुसते ‘मीटर’) ठरवावे, ते कागदावर मांडावे आणि मगच पक्कड हातात घ्यावी.

त्याआधी आपल्या गाडीचे इग्निशन कोणत्या जातीचे आहे याची खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे, कारण स्विचचे काम त्यावरच ठरते आणि दोन जातींत ते नेमके उलटे असते. बॅटरी आणि कॉइल असलेल्या गाडीत स्विच ‘चालू’ केला की दोन टर्मिनल एकमेकांना जोडली जातात आणि बॅटरीचा प्रवाह कॉइलला मिळतो. स्विच बंद केला की ती सुटी होतात. मॅग्नेटो (इंजिनाने फिरणारा, बॅटरीशिवाय ठिणगी देणारा जनित्र) असलेल्या गाडीत, तसेच स्वतःची वीज स्वतः निर्माण करणाऱ्या सीडीआय (पॉइंटविना चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) इग्निशनमध्ये, इंजिन चालण्यासाठी स्विचची गरजच नसते. तेथे स्विच ‘बंद’ स्थितीत एक वायर अर्थला टेकवतो आणि ठिणगी मारतो. अशा वायरीला चुकून बॅटरीचा प्रवाह दिला तर सीडीआय युनिट क्षणात निकामी होऊ शकते, आणि मॅग्नेटोच्या कॉइललाही तो मानवत नाही. गाडीला बॅटरी आहे म्हणून इग्निशन बॅटरीवर चालते असेही गृहीत धरू नये. अनेक गाड्यांत बॅटरी फक्त दिवे आणि हॉर्नसाठी असते. प्रश्नातील गाडीला पॉइंट आणि १२ व्होल्टची कॉइल आहे असे स्पष्ट लिहिले आहे, म्हणून पुढील विवेचन त्याच जातीला धरून करतो.

काम सुरू करताना बॅटरी सोडवावी आणि सोडवताना अर्थकडील टोक आधी काढावे. बहुतेक गाड्यांत ते निगेटिव्ह असते. परंतु सत्तरच्या दशकापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक चेसिसला जोडलेले असते, तेव्हा डोळ्यांनी पाहूनच ठरवावे. अर्थ आधी काढण्याचे कारण साधे आहे. अर्थ तुटल्यावर दुसरे टोक सोडवताना पाना चेसिसला लागला तरी सर्किट पूर्ण होत नाही. उलट क्रमाने केल्यास पान्यावर ठिणग्या उडतात, कधी बॅटरीही फुटते.

आता गाडीकडील पाच वायरी. जुन्या स्विचपासून त्या सोडवण्यापूर्वी दोन-तीन बाजूंनी स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीची क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावावी. मग सर्व टोके एकमेकांना लागणार नाहीत अशी वेगळी ठेवून, फ्यूजसह बॅटरी क्षणभर जोडावी आणि मीटरने चेसिसच्या संदर्भात प्रत्येक वायरीवरील व्होल्टेज पाहावे. ज्या वायरीवर बॅटरीइतके व्होल्टेज कायम दिसते, ती मुख्य पुरवठ्याची वायर. ती बहुतेक एकच असते, आणि गाडीला अँमीटर (प्रवाह दाखवणारा काटा) असेल तर ती बॅटरीकडून थेट न येता अँमीटरमधून येते. ही वायर सापडली की तिच्यावर टेप गुंडाळून बॅटरी पुन्हा सोडवावी.

कॉइलची वायर शोधण्याची माझी आवडती युक्ती अशी आहे. सर्व बल्ब काढून ठेवावेत, स्पार्क प्लग काढावेत, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते, आणि हँडलवर किल स्विच (इंजिन बंद करण्याचे बटण) असल्यास तो ‘रन’वर ठेवावा. मीटर ओहमवर लावून एक टोक चेसिसला आणि दुसरे शंका असलेल्या वायरीला धरावे व इंजिन सावकाश फिरवावे. पॉइंट मिटलेले असताना मीटर कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध दाखवेल, जो १२ व्होल्टच्या कॉइलमध्ये साधारण ३ ते ४ ओहम असतो. पॉइंट उघडताच सर्किट तुटल्याचे दिसेल. इंजिनाबरोबर असे बदलणारे दुसरे काहीही गाडीत नसते, त्यामुळे ही ओळख पक्की समजावी. दोन कॉइल आणि दोन पॉइंट असलेल्या गाडीत आकडा दोन पायऱ्यांत बदलेल, कारण दोन्ही पॉइंट मिटलेले असताना दोन वेटोळी समांतर येतात. रेग्युलेटरचे (चार्जिंगचे व्होल्टेज आवरणाऱ्या भागाचे) वेटोळे याच वायरीवर असेल तर आकडा कधीच पूर्ण सुटणार नाही. तेव्हा चाचणीपुरता रेग्युलेटरचा जोड काढून ठेवावा.

बल्ब काढायला सांगितले याचेही कारण आहे. थंड फिलामेंटचा रोध चालू बल्बच्या रोधाच्या सुमारे एक दशांशच असतो. १२ व्होल्ट, २१ वॉटचा ब्रेकलाइटचा बल्ब पेटलेला असताना जवळजवळ ७ ओहमचा असतो, पण थंड असताना मीटरवर तो एका ओहमच्याही खाली दिसतो आणि मीटरचा बझर वाजतो. पुष्कळ जण याला शॉर्ट समजून चांगली वायरिंग उकलत बसतात.

उरलेल्या वायरींमध्ये एक बहुधा टेललाइट आणि स्पीडोमीटरच्या दिव्यांची असते. बल्ब काढलेल्या होल्डरच्या मधल्या टोकापासून वायरीपर्यंत कंटिन्युइटी (सलग जोड) पाहिली की ती कळते. हेडलाइटची वायरही तशीच, फक्त डिपर स्विचमधून जाणारी. राहिलेल्या वायरींबाबत मात्र सावध राहावे, आणि पाच वायरी असलेल्या गाडीत हाच खरा नाजूक भाग आहे. कित्येक जुन्या गाड्यांत मूळ स्विच केवळ दिवे आणि कॉइल सांभाळत नसे. तो अल्टरनेटरची (इंजिनावर चालणाऱ्या जनित्राची) वेटोळीही बदलत असे. हेडलाइट बंद असताना सर्व वेटोळ्यांचा प्रवाह बॅटरीला दिला तर ती जास्त चार्ज होईल, म्हणून दिवसा काही वेटोळी सुटी ठेवायची किंवा शॉर्ट करून त्यांचे उत्पादन दाबायचे आणि दिवे लावले की ती सामील करून घ्यायची, अशी ती रचना होती. जुन्या ६ व्होल्टच्या ब्रिटिश गाड्यांतील ल्यूकासच्या जोडस्विचमध्ये ही सोय होती, शिवाय बॅटरी पूर्ण उतरली असताना अल्टरनेटरचा प्रवाह कॉइलकडे वळवणारी आपत्कालीन स्थितीही होती. जपानी गाड्यांतही स्टेटरकडून (अल्टरनेटरच्या स्थिर वेटोळ्यांकडून) आलेल्या दोन वायरी लाइटच्या स्विचमधून फिरून रेक्टिफायरकडे (एसीचा डीसी करणाऱ्या भागाकडे) जाताना आढळतात.

तुमच्या पाचांपैकी एखादी किंवा दोन वायरी स्टेटरकडे जात असतील तर चार वायरींचा साधा स्विच त्यांचे काम करू शकणार नाही. त्या तशाच सुट्या सोडल्या तर गाडी सुरू होईल, चालेलही, पण रात्री दिवे लावून थोडे अंतर गेल्यावर बॅटरी बसेल आणि दोष नव्या बॅटरीला दिला जाईल. येथे दोन मार्ग आहेत. दिव्यांसाठी वेगळा दोन ध्रुवांचा स्विच लावावा, ज्याचा एक ध्रुव दिवे आणि दुसरा स्टेटरच्या वायरी सांभाळेल. किंवा स्टेटरची सर्व वेटोळी कायमची सामील करून आधुनिक रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवावा. मला दुसरा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो, मात्र त्या स्टेटरला आणि बॅटरीच्या व्होल्टेजला योग्य असेच युनिट निवडले पाहिजे.

आता स्विचकडे वळू. तो गाडीला न जोडता टेबलावर ठेवावा. कागदावर उभ्या ओळीत चावीच्या स्थिती आणि आडव्या ओळीत टर्मिनलांच्या जोड्या लिहाव्यात. चार वायरींच्या स्विचमध्ये सहा जोड्या होतात. प्रत्येक स्थितीत प्रत्येक जोडी मीटरने तपासावी. त्याच वेळी प्रत्येक टर्मिनल आणि स्विचची धातूची बॉडी यांच्यातही कंटिन्युइटी आहे का ते पाहावे. बॉडीला जोडलेले टर्मिनल आढळले तर ते अर्थसाठीच आहे. त्याला पुरवठ्याची वायर जोडली तर स्विच ब्रॅकेटवर बसवताक्षणी शॉर्ट होईल. स्विचच्या संपर्कांना पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कळत नाही, त्यामुळे पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीसाठी वेगळा स्विच लागत नाही. प्रश्न उद्भवतो तो या बॉडीमुळेच.

जर्मन व चेक गाड्यांच्या स्विचवर कोरलेले आकडे उपयोगी पडतात. ३० म्हणजे बॅटरीकडील कायमचा पुरवठा, १५ म्हणजे चावीनंतर कॉइलकडे, ३१ म्हणजे अर्थ, ५८ म्हणजे पार्किंग आणि टेललाइट. नव्याने तयार झालेल्या नकली स्विचवर मात्र आकडे असले तरी मीटर लावून पाहावेच.

चार वायरींच्या पर्यायी स्विचमध्ये नेहमी आढळणारी रचना अशी असते की ‘चालू’ स्थितीत एक जोडी जुळते आणि ‘बंद’ स्थितीत दुसरी. दुसरी जोडी सीडीआयची ठिणगी मारण्यासाठी असते. प्रश्नातील गाडीला तिचा काही उपयोग नाही. त्या दोन वायरी टोकापासून कापून, प्रत्येकीवर स्वतंत्र हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवून बंद कराव्यात. दोघींना एकत्र पिळून टेप लावू नये. आणि ही जोडी चुकून पुरवठा व कॉइल यांमध्ये लावली गेली तर परिणाम विचित्र होतो. चावी बंद केल्यावर गाडी सुरू होते, आणि चावी खिशात घेऊन मालक निघून गेला की पॉइंट मिटलेल्या अवस्थेत कॉइल तापत राहते. त्याहून वाईट म्हणजे तिच्या एका बाजूला पुरवठा आणि दुसऱ्या बाजूला अर्थ लागला तर चावी बंद करताच बॅटरी थेट शॉर्ट होते.

म्हणजे अशा स्विचमध्ये आपल्या कामाची एकच जोडी उरते. तिच्या एका टोकाला मुख्य पुरवठा आणि दुसऱ्या टोकाला कॉइलची वायर जोडावी. टेललाइट व हेडलाइटच्या वायरी याच चावीनंतरच्या टोकावरून, पण वेगळ्या लाइट स्विचमधून घ्याव्यात. मूळ स्विचला पार्किंगची स्थिती असेल तर ती सोय यात जाईल. मला त्याचे दुःख वाटत नाही, कारण त्या स्थितीत चावी काढता येणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या टेललाइटने रात्रभरात उतरवल्याचे पुष्कळ पाहिले आहे.

प्रवाहाचा हिशेब केल्याशिवाय स्विच योग्य आहे असे म्हणता येणार नाही. १२ व्होल्टच्या गाडीत एक कॉइल ३ ते ४ अँपिअर घेते, ४५ वॉटचा हेडलाइट जवळपास ४, टेललाइट आणि स्पीडोमीटरचे दिवे मिळून एक, ब्रेकलाइट दोनच्या आत आणि हॉर्न वाजेल तेव्हा आणखी काही. दोन कॉइल असतील तर एकूण आकडा १५ अँपिअरच्या आसपास जातो, आणि हे सर्व त्या एका जोडीतून वाहणार असते. केवळ सीडीआय मारण्यासाठी किंवा लहान गाडीसाठी घडवलेल्या स्विचचे संपर्क एवढा भार सोसत नाहीत; आधी ते तापतात, मग आतील प्लास्टिक मऊ होते, आणि अखेर चावी फिरते पण गाडी कधी सुरू होते तर कधी नाही. ६ व्होल्टच्या गाडीत हे दुखणे अधिकच असते. त्याच वॉटेजला तेथे दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून त्याच वायरीत दुप्पट व्होल्टेज वाया जाते, आणि मूळ व्होल्टेजच निम्मे असल्याने टक्केवारीत नुकसान चौपट होते. बल्बचे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले की प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो हे लक्षात घेतले, तर जुन्या गाड्यांचे दिवे पिवळे का पडतात याचा उलगडा होतो.

स्विच नाजूक वाटला तर हेडलाइटचा भार रिलेवर (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचवर) टाकावा. रिलेचे ८५ आणि ८६ हे वेटोळ्याचे, ३० हे फ्यूजमधून येणाऱ्या पुरवठ्याचे आणि ८७ हे दिव्याकडे जाणारे टर्मिनल. वेटोळ्याला एक पंचमांश अँपिअरही लागत नाही, त्यामुळे स्विचचे आयुष्य वाढते. कॉइल मात्र मी शक्यतो रिलेवर टाकत नाही. दिवा गेला तर सावकाश घरी जाता येते, इग्निशनचा रिले गेला तर गाडी ढकलावी लागते.

वायरींच्या जाडीबाबत, मुख्य पुरवठ्यासाठी २ चौरस मिलिमीटर आणि इतर शाखांसाठी १ चौरस मिलिमीटरची तांब्याची बहुतारी वायर पुरते. फ्यूज बॅटरीच्या जवळात जवळ, अर्थ नसलेल्या टोकावर असावा. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवरील आकड्याने अनेकांची फसगत होते. त्यावरील ३५ अँपिअर हा वितळण्याचा आकडा आहे, सतत पेलण्याची क्षमता त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे १७ अँपिअर. त्याच्या जागी आधुनिक पातीचा ३५ अँपिअरचा फ्यूज लावणे म्हणजे वायरलाच फ्यूज करणे होय. तेथे १५ अँपिअरचा पुरेसा आहे.

जोड करताना वायरीचे आवरण सोलून तांबे पाहावे. ते काळे पडले असेल तर चकाकणारे तांबे लागेपर्यंत वायर कापत जावी. काळ्या तारेवर क्रिम्प (पकडीने दाबून बसवायचे टोक) नीट बसत नाही आणि डाखही धरत नाही. मी चांगल्या पकडीने दाबलेला पितळी क्रिम्प पसंत करतो. डाख दिल्यास तो तारांमधून आत चढतो आणि जेथे संपतो तेथे वायर कडक होऊन थरथरीने तुटते. तरीही जुन्या पद्धतीचे बुलेट (गोळीच्या आकाराचे) जोड डाख देऊन करायचे असतील तर रोझिन फ्लक्सच वापरावा आणि जोडामागची वायर क्लिपने आधारलेली असावी. पुरवठ्याकडील टोकाला नेहमी झाकलेला मादी जोड लावावा, म्हणजे जोड निसटला तरी उघडे जिवंत टोक चेसिसला लागणार नाही. प्रत्येक जोड हाताने ओढून पाहावा. पिळून टेप गुंडाळलेल्या जोडाला मोटारसायकलवर स्थान नाही.

स्विच हेडलाइटच्या डब्यात किंवा हँडलच्या वरच्या पट्टीवर असेल तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायरीला ताण येत नाही आणि ती स्टॉपरमध्ये चिमटत नाही हे पाहावे. हँडल वळवले की इंजिन बंद पडते अशा तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते.

पहिल्यांदा वीज देताना फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब लावावा. १२ व्होल्टवर हा बल्ब १.७५ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ देत नाही, म्हणून कोठे शॉर्ट असला तरी वायर जळत नाही, फक्त बल्ब पूर्ण तेजाने पेटतो. चावी बंद असताना तो अजिबात पेटता कामा नये. चावी चालू केल्यावर पॉइंट मिटलेले असतील तर तो मंद पेटेल, कारण कॉइल त्याच्याशी मालिकेत येते. इंजिन किंचित फिरवून पॉइंट उघडले की तो विझला पाहिजे. एवढे जुळले की खरा फ्यूज बसवावा. त्यानंतरही इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडू नये, पॉइंट मिटलेले राहिल्यास कॉइल गरम होत राहते.

शेवटची मोजणी भारासह करावी, कारण ओहमवरील शून्य आकडा तापलेल्या संपर्काबद्दल काही सांगत नाही. चावी आणि हेडलाइट चालू ठेवून, मीटर व्होल्टवर घेऊन त्याची दोन टोके स्विचच्या पुरवठ्याच्या आणि चावीनंतरच्या टर्मिनलांवर ठेवावीत. ०.१ व्होल्टच्या आसपासचा आकडा चांगला, ०.२ पर्यंत चालेल, अर्धा व्होल्ट दिसला तर स्विच नवा असला तरी परत करावा. हा अर्धा व्होल्ट केवळ दिव्यापुरता राहत नाही. ज्या गाड्यांत रेग्युलेटर चावीनंतरच्या वायरीवरून व्होल्टेज वाचतो, त्यांत स्विचमध्ये गळालेला अर्धा व्होल्ट रेग्युलेटरला बॅटरी उतरल्यासारखा भासतो आणि तो चार्जिंग तेवढेच वाढवतो. बॅटरीतील पाणी वरचेवर आटू लागते, बल्ब लवकर जातात आणि दोष नसलेला रेग्युलेटर बदलला जातो. म्हणून नवा स्विच लावल्यावर इंजिन मध्यम वेगात चालवून चार्जिंगचे व्होल्टेज थेट बॅटरीच्या टोकांवर मोजावे; ते साधारण १४ ते १४.५ असावे, आणि १५ च्या पुढे गेले तर रेग्युलेटरला हात लावण्याआधी बॅटरीपासून रेग्युलेटरपर्यंतच्या प्रत्येक जोडावर, फ्यूजच्या होल्डरवर आणि किल स्विचवरही, हीच भारासह मोजणी करावी.